सोलापूरच्या रंगणी उद्योगातील सांडपाणी आणि उत्प्रेरकांचा उपयोग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर हे नाव उच्चारताच चादर आणि टॉवेल या दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. या दोन्ही वस्तूंची ओळख त्यांच्या विणीइतकीच त्यांच्या रंगांमुळेही आहे. सोलापुरी चादरीवर नक्षी छापली जात नाही, ती आधी रंगवलेल्या सुतातून मागावरच उमटते. त्यामुळे सूत रंगवणे हा येथील वस्त्रोद्योगाचा अविभाज्य भाग ठरला. सूत रंगवायचे तर पाणी हवे, आणि रंग न घेतलेले पाणी कोठेतरी सोडून द्यावेच लागते. सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास मजूर, मालक, संप आणि बाजारपेठ या अंगांनी बराच लिहिला गेला आहे. रंगणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अंगाने मात्र त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

दुसऱ्या बाजूला, पाण्यातील रासायनिक प्रदूषके उत्प्रेरकांच्या साहाय्याने नष्ट करण्याचे शास्त्र गेल्या पाच दशकांत वेगाने विकसित झाले आहे. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तिन्ही शाखांतील संशोधक त्यात गुंतले असून पश्चिम महाराष्ट्रातील विद्यापीठांचाही त्यात उल्लेखनीय वाटा आहे. प्रस्तुत लेखात या दोन इतिहासांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. रंगांचे रसायन कसे बदलत गेले, उद्योगाची रचना कशी बदलली, कायद्याने रंगाकडे कसे पाहिले, उत्प्रेरणाचे शास्त्र कोणत्या टप्प्यांनी पुढे आले आणि प्रयोगशाळेतील यश रंगणीपर्यंत पोहोचण्यात कोणत्या अडचणी आहेत, या पाच प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पाणी, सूत आणि शहर

सोलापूर हे दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील शहर आहे. वार्षिक पाऊस साधारण ५५० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाशी येथील तलावाची परंपरा जोडली जाते, यावरूनच या भूमीत पाणी साठवणे हे पुण्यकर्म का मानले गेले हे लक्षात येते. ब्रिटिश काळात १८६६ ते १८७१ या वर्षांत आदिला नदीवर एकरुखचा तलाव बांधण्यात आला. सिंचनासाठी बांधलेला हा तलाव पुढे शहराच्या पाणीपुरवठ्याचाही आधार ठरला. स्वातंत्र्योत्तर काळात, १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि सोलापूरची तहान दूरच्या पाण्यावर भागू लागली. तरीही गेल्या अनेक वर्षांत शहराच्या मोठ्या भागाला दररोज नळाचे पाणी मिळालेले नाही.

अशा शहरात वस्त्रोद्योग कसा वाढला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पाण्यापेक्षा माणसे आणि कापूस यांनी त्याचे उत्तर दिले. एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने सोलापुरात येऊन स्थिरावले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने ग्रामीण भागातील असंख्य माणसे पोटासाठी शहराकडे लोटली. याच काळात, १८७७ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. विसाव्या शतकाचे पहिले दशक संपेपर्यंत नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्यांची भर पडली. शहराच्या पूर्व भागात हातमाग आणि गिरणगावात यंत्रे, असे वस्त्रोद्योगाचे दुहेरी रूप येथे घडले. पाणी कमी आणि रंगाची गरज मोठी, हा विरोधाभास या उद्योगाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आलपासून अझो रंगांपर्यंत

रासायनिक रंग येण्यापूर्वी दख्खनमधील रंगारी वनस्पतींवर अवलंबून होते. लाल रंगासाठी आल या झाडाची मुळे, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद आणि पळसाची फुले, काळ्यासाठी हिरडा आणि लोह असा हा संसार होता. तुरटीसारखे क्षार रंगबंधक म्हणून वापरले जात. या रंगांचे पाणी सर्वस्वी निरुपद्रवी होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रंगबंधक क्षारांचा आणि सडवलेल्या नीळपाण्याचा त्रास होताच. परंतु वनस्पतिज रंगांचे रेणू सूक्ष्मजीवांच्या ओळखीचे होते. माती आणि ओढा यांना ते कालांतराने पचवता येत होते, शिवाय वापराचे प्रमाणही मर्यादित होते.

१८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग तयार केला आणि रंगांच्या दुनियेचे केंद्र शेतातून कारखान्यात सरकले. १८५८ मध्ये पीटर ग्रीस याने डायझो संयुगांचा शोध लावला. नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंधावर आधारलेला अझो रंगांचा प्रचंड मोठा वर्ग त्यातूनच उभा राहिला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरीन हा रंग प्रयोगशाळेत घडवला. जर्मनीतून येणाऱ्या स्वस्त अलिझरीनने आलच्या शेतीचे कंबरडे मोडले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नीळ पिकवणाऱ्या प्रदेशांचीही तीच गत झाली. १८८४ मधील काँगो रेडसारख्या रंगांनी तर रंगबंधकाशिवाय थेट सुतावर बसण्याची सोय करून दिली.

सुती धाग्याच्या दृष्टीने निर्णायक बदल १९५६ मध्ये घडला. त्या वर्षी आयसीआय या ब्रिटिश कंपनीने ‘प्रोसियन’ या नावाने पहिले रिअॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग तंतूवर नुसते चिकटत नाहीत, सेल्युलोजशी त्यांचा रासायनिक बंध जुळतो. त्यामुळे ते धुतले तरी टिकतात. भारतातही याच दशकात स्वदेशी रंग उद्योग उभा राहत होता. कस्तुरभाई लालभाई यांनी स्थापन केलेल्या अतुल प्रॉडक्ट्सचा वलसाडजवळील कारखाना १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला होता. पक्का, चमकदार आणि सहज उपलब्ध असा रंग हातमागवाल्याच्याही आवाक्यात आला.

या पक्केपणाची दुसरी बाजू पाण्यात दिसते. रिअॅक्टिव्ह रंग सुतावर बसवताना रंगकुंडात लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ आणि सोबत सोडा घालावा लागतो. एवढे करूनही रंगाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो. रंगाच्या प्रकारानुसार हे प्रमाण साधारण १० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. पाण्याशी बांधला गेलेला हा रंग पुन्हा वापरता येत नाही, तो सांडपाण्यातच जातो. ऊन, घाम आणि साबण यांना दाद न देण्यासाठी घडवलेला रेणू ओढ्यातील सूक्ष्मजीवांनाही दाद देत नाही. रंगाचा जो गुण ग्राहकाला हवा, तोच पाण्याच्या दृष्टीने दोष ठरतो. सांडपाण्याच्या रसायनशास्त्राचा सारा पेच या एका गोष्टीत सामावलेला आहे.

एका गिरणीपासून शेकडो रंगण्यांपर्यंत

सांडपाण्याचा प्रश्न केवळ रसायनाचा नसतो, उद्योगाच्या रचनेचाही असतो. जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. केंद्र सरकारने १९५० मध्ये खास अध्यादेश आणि पाठोपाठ कायदा करून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. या कृतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेले चिरंजितलाल चौधरी आणि द्वारकादास श्रीनिवास हे खटले भारतीय घटनात्मक कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु सरकारी हस्तक्षेपाने गिरण्यांची घसरण कायमची थांबली नाही. पुढील दशकांत सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या.

गिरण्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. पूर्व भागातील हातमागाच्या घरांत यंत्रमाग आले आणि जेकार्डच्या साहाय्याने चादरीचे, पुढे टेरी टॉवेलचे उत्पादन वाढले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत हे या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. भौगोलिक उपदर्शनाचा कायदा २००३ मध्ये अमलात आल्यानंतर त्याच्या नोंदवहीत अगदी आरंभी ज्या वस्तूंची नोंद झाली, त्यांत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांचा समावेश होता.

गिरणीत सूतकताई, विणकाम आणि रंगणी एकाच आवारात असे. सांडपाणी बाहेर पडण्याची जागा ठरलेली असे आणि जबाबदार मालकही ठरलेला असे. यंत्रमागाच्या व्यवस्थेत ही साखळी तुटली. सूत एकाकडे, रंगणी दुसऱ्याकडे, माग तिसऱ्याकडे आणि विक्री चौथ्याकडे अशी विभागणी झाली. रंगणीचे काम लहान कारखान्यांत, प्रोसेस हाऊसमध्ये होऊ लागले. एका मोठ्या गटाराची जागा अनेक लहान मोऱ्यांनी घेतली. सकाळी लाल, दुपारी निळा आणि संध्याकाळी काळा अशा मागणीनुसार पाण्याचा रंग, आम्लता आणि क्षारता दिवसभर बदलत राहते. शुद्धीकरणाची कोणतीही यंत्रणा स्थिर प्रतीच्या पाण्यावर उत्तम चालते. येथे नेमकी तीच स्थिरता नाही. शिवाय लहान रंगणीचा नफा किलोमागे काही रुपयांत मोजला जातो. पाण्यासाठी वेगळा अभियंता नेमणे अशा रंगणीला परवडणारे नसते.

कायद्याच्या नजरेतील रंग

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा आपला कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. कायद्यांची ही मालिका प्रभावी दिसते. मात्र तीत रंगाला मिळालेले स्थान बराच काळ दुय्यम होते.

१९९३ च्या सर्वसाधारण मानकांत सांडपाण्यातील जैविक आणि रासायनिक प्राणवायूची मागणी, आम्लता, तेलकटपणा, जड धातू यांच्या मर्यादा आकड्यांत दिल्या होत्या. रंग आणि दुर्गंधी यांच्याबाबत मात्र, शक्य तेवढा रंग काढून टाकण्याचे सर्व प्रयत्न करावेत, अशा आशयाची सूचना होती. ‘शक्य तेवढा’ या शब्दांना मोजपट्टी लावता येत नाही. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी रंगाची आकडेवार मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके अशी २०१६ च्या अधिसूचनेने घालून दिली. त्याच अधिसूचनेत रासायनिक प्राणवायूच्या मागणीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, तर विरघळलेल्या क्षारांची २१०० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. नाल्याकाठच्या माणसाला प्रथम डोळ्यांनी दिसते ते प्रदूषण कायद्याच्या मोजमापात सर्वांत शेवटी आले, हे लक्षणीय आहे.

रंगातील विषारीपणाची जाणीव त्याआधीच, परंतु वेगळ्या वाटेने आली होती. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगकारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या अर्बुदांचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले. काही अझो रंगांचा बंध तुटला की त्यातून अॅरोमॅटिक अमाइन बाहेर पडतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक असतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. १९९४ मध्ये जर्मनीने अशा रंगांनी रंगवलेल्या कापडावर बंदी घातली. भारतातून जाणारे टॉवेल आणि चादरी युरोपच्या बाजारात विकायच्या तर भारतालाही पाऊल उचलणे भाग होते. १९९७ मध्ये केंद्र सरकारने ७० अझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. बंदीमागे परदेशी ग्राहकाच्या त्वचेची काळजी होती. रंगकुंडात हात घालणारा कामगार आणि नाल्याकाठची वस्ती यांना त्याचा लाभ झाला खरा, पण तो आनुषंगिक होता.

उत्प्रेरणाचा शतकभराचा प्रवास

स्वतः खर्च न होता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. ही संकल्पना स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ मध्ये मांडली. पाण्याच्या शुद्धीकरणात तिचा उपयोग होण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला. १८९४ मध्ये केंब्रिज येथील हेन्री फेन्टन याने लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले असता टार्टारिक आम्लाचे वेगाने ऑक्सिडीकरण होते, असे दाखवले. असे का घडते याचे उत्तर १९३४ मध्ये हाबर आणि वाइस यांनी सुचवले. लोहामुळे पेरॉक्साइडचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक अत्यंत क्रियाशील आणि क्षणभंगुर असतो. जवळच्या कार्बनी रेणूवर तो तुटून पडतो आणि तो रेणू शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपर्यंत मोडू शकतो.

दुसरी वाट प्रकाशाची होती. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीपासून बनवलेला रंगलेप उन्हात काही वर्षांत खडूसारखा भुसभुशीत होतो, ही रंगलेप कारखानदारांची जुनी तक्रार होती. १९३८ मध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी ही भुकटी प्रकाशात रंगद्रव्याचा नाश घडवते, याचा पद्धतशीर अभ्यास केला. तेव्हा तो गुण दोष मानला जात होता. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होन्डा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, असे दाखवले. पाठोपाठ आलेल्या तेलसंकटामुळे या शोधाकडे प्रथम इंधनाच्या आशेने पाहिले गेले. १९७६ मध्ये कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या चिवट प्रदूषकावर, तर १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइडवर त्याचा प्रयोग केला. रंगलेपाचा दोष पाण्याचा वैद्य ठरू शकतो, ही दृष्टी येथून रुजली.

या प्रक्रियेचे तत्त्व असे. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याच्या अॅनाटेज या रूपातील ऊर्जाअंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी घेतो आणि खाली धनभारित पोकळी राहते. पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवते, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या प्राणवायूकडे जातो. प्रदूषकाचा रेणू या दोहोंच्या तडाख्यात सापडतो. ही पांढरी भुकटी स्वस्त, बिनविषारी आणि टिकाऊ आहे, परंतु तिला लागणारा अतिनील प्रकाश सूर्यप्रकाशात जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. म्हणूनच दृश्य प्रकाशात काम करणारे उत्प्रेरक शोधण्याकडे नंतरच्या संशोधनाचा ओघ वळला.

तिसरी वाट जीवसृष्टीची आहे. विकरे म्हणजे एन्झाइम हेदेखील उत्प्रेरकच होत. लाकूड कुजवणारी बुरशी लिग्निनसारखा चिवट पदार्थ लॅकेस आणि पेरॉक्सिडेज या विकरांनी मोडते. अझो रंगांवरही ही विकरे काही प्रमाणात काम करतात. या वाटेला ऊर्जा कमी लागते, मात्र वेळ अधिक लागतो.

पश्चिम महाराष्ट्रातील संशोधन

सोलापूरची महाविद्यालये १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये केवळ एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. म्हणून येथील संशोधनपरंपरेचा विचार कोल्हापूरला वगळून करता येत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सी. एच. भोसले आणि के. वाय. राजपुरे यांच्या गटाने अर्धवाहकांचे पातळ थर फवारणी पद्धतीने काचेवर बसवून त्यांद्वारे पाण्यातील कार्बनी प्रदूषकांच्या विघटनाचा दीर्घ अभ्यास केला. भुकटी पाण्यात कालवली तर ती पुन्हा गाळून काढावी लागते. थर काचेवरच बसवला की ही अडचण टळते, आणि त्याला अल्प विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन व पोकळी यांचे पुनर्मीलनही कमी होते. त्याच विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणू, बुरशी आणि वनस्पती यांच्याद्वारे रंगद्रव्यांच्या विघटनावर विपुल संशोधन केले. झेंडूसारख्या बागेतील वनस्पतींच्या मुळांतील विकरेही वस्त्रोद्योगातील रंग मोडू शकतात, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. इचलकरंजी आणि सोलापूर ही दोन वस्त्रनगरे हाताशी असणे हा या संशोधनाचा मोठा आधार होता. प्रश्न दाराशी होता, म्हणूनच तो प्रयोगशाळेत आला.

प्रयोगशाळा आणि रंगणी यांतील अंतर

या विषयावरील शोधनिबंधांची संख्या जगभर प्रचंड वाढली आहे. एका ठरावीक रंगाचे लिटरला १० किंवा २० मिलिग्रॅम द्रावण, तेही बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात, दिव्याखाली ठेवून एक-दोन तासांत ९० टक्क्यांहून अधिक रंग गेला, असा निष्कर्ष त्यांत वारंवार आढळतो. हे निष्कर्ष खोटे नसतात. परंतु रंगणीतील पाणी या द्रावणापेक्षा चार बाबतींत वेगळे असते.

पहिली बाब मिठाची. हायड्रॉक्सिल मूलक रंगाच्या रेणूवरच तुटून पडेल असे नाही. वाटेत क्लोराइड, कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट भेटले तर तो तेथेच खर्ची पडतो. रंगकुंडात मीठ आणि सोडा मुबलक असतात, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरींचे जड पाणी बायकार्बोनेटची भर घालते. दुसरी बाब गडदपणाची. काळ्या किंवा गर्द निळ्या पाण्यात प्रकाश खोलवर शिरतच नाही. प्रकाशाची सर्वाधिक गरज जेथे असते तेथेच तो अडतो. तिसरी बाब आम्लतेची. फेन्टन अभिक्रिया ३ च्या आसपासच्या सामूला उत्तम चालते, तर रंगणीचे पाणी अल्कधर्मी असते. आधी आम्ल, नंतर पुन्हा चुना घालावा लागतो आणि शेवटी लोहयुक्त गाळ उरतो. चौथी बाब मोजमापाची. मिथिलीन ब्ल्यूसारखे रंग दृश्य प्रकाशात स्वतःच उत्तेजित होऊन उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे अशा रंगांवरून उत्प्रेरकाची पारख केली तर ती फसवी ठरू शकते.

याहून महत्त्वाचा प्रश्न रंग जाणे आणि प्रदूषण जाणे यांतील फरकाचा आहे. अझो बंध तुटला की पाणी फिके होते. पण तुटलेले तुकडे पाण्यातच असतात, आणि प्राणवायूविरहित परिस्थितीत ते अॅरोमॅटिक अमाइनच्या रूपात राहू शकतात. रंगीत पाणी निदान सावध करते. बिनरंगी विषारी पाणी कोणालाच सावध करत नाही. म्हणून केवळ वर्णपटमापीवरील घट न पाहता रासायनिक प्राणवायूची मागणी, एकूण कार्बनी कार्बन आणि सजीवांवरील विषारीपणा ही तिन्ही मोजमापे आवश्यक ठरतात. शिवाय कोणताही उत्प्रेरक मीठ नाहीसे करत नाही. रंग पूर्णतः नष्ट झाला तरी क्षार शेतात आणि भूजलात जाणारच.

तिरुपूरचा अनुभव

तमिळनाडूतील तिरुपूर हे सोलापूरच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे उदाहरण आहे. तेथील रंगण्यांच्या पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरथुपालयम धरण क्षारांनी बाधित झाले. शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची अट घातली आणि तिची पूर्तता न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये शेकडो रंगण्या बंद करण्याचा आदेश दिला. रोजगार, निर्यात आणि शहराची अर्थव्यवस्था यांना मोठा हादरा बसला. नंतर सामायिक केंद्रे, पटलगाळणी आणि बाष्पीभवन यांच्या आधारे, सरकारी अर्थसाहाय्याने उद्योग पुन्हा उभा राहिला. मिठाचे द्रावण परत मिळवून ते पुन्हा रंगकुंडात वापरण्याचा मार्गही तेथे रूढ झाला.

यातून दोन गोष्टी दिसतात. लहान रंगण्यांना एकेकट्याने शुद्धीकरण पेलत नाही, त्यासाठी सामायिक व्यवस्था लागते. आणि ही व्यवस्था संकटापूर्वी उभी केली तर तिची किंमत कमी पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात प्रदूषकाने भरपाई द्यावी हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. मात्र जेथे प्रदूषण करणारा स्वतःच मजुरीवर सूत रंगवणारा लहान उद्योजक असतो, तेथे सूत देणारा व्यापारी, कापड घेणारा निर्यातदार आणि ग्राहक यांचा वाटा कोणता, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत अजून नीट मांडला गेलेला नाही.

समारोप

सोलापूरच्या रंगणी उद्योगाचा इतिहास पाहता, पाण्याचे प्रदूषण हे एखाद्या रंगाऱ्याच्या निष्काळजीपणाचे फळ नसून ती चार प्रक्रियांची एकत्रित परिणती आहे, असे दिसते. अविनाशी रंग घडवणारे रसायनशास्त्र, विकेंद्रित होत गेलेला उद्योग, रंगाला उशिरा मोजणारा कायदा आणि खऱ्या पाण्यापासून दूर राहिलेले संशोधन या त्या चार प्रक्रिया होत. यांपैकी शेवटची प्रक्रिया बदलणे महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी सुचवता येतात. उत्प्रेरकाची चाचणी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी रंगणीतून आणलेल्या मीठयुक्त, मिश्र रंगांच्या पाण्यावर घेतली जावी. उत्प्रेरण ही एकमेव उपाययोजना न मानता जैविक शुद्धीकरणानंतर उरणारा चिवट रंग काढण्याचा अंतिम टप्पा म्हणून तिचा विचार व्हावा, कारण तोपर्यंत पाणी फिके झालेले असते आणि प्रकाश आत शिरू शकतो. पाण्याचा पहिला, गडद आणि खारट हिस्सा नंतरच्या धुण्याच्या पाण्यापासून वेगळा ठेवण्याची साधी शिस्त रंगणीत रुजवावी. सूर्यप्रकाश ही सोलापूरची विनाशुल्क संपत्ती आहे. स्पेनमधील आल्मेरिया येथे सौर उत्प्रेरणाच्या पथदर्शी संयंत्रांवर १९९० च्या दशकापासून काम झाले आहे. सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावरील, चैत्र-वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात तशा लहान संयंत्राची चाचणी घेणे अवास्तव ठरणार नाही.

ज्या शहरात नळाला पाणी येण्याची वाट पाहावी लागते, तेथे रंगवून टाकून दिलेले प्रत्येक घागरभर पाणी हे कोणाच्यातरी वाट्याचे पाणी असते. सोलापूरने देशाला पक्का रंग दिला. त्या रंगापासून पाणी मुक्त करण्याची पद्धतही याच शहराच्या प्रयोगशाळांतून आणि रंगण्यांतून एकत्रितपणे घडावी, अशी अपेक्षा करणे या इतिहासाला धरून होईल.